घरच्या घरी कलेतून गणित: सीमाभागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात घरी तीन ते सात वर्षांचं मूल असलेले आई-बाबा आणि आज्जी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. ज्या प्रश्नाशी अडलंय तिथून सुरू करा.

चित्रं काढून गणित कसं काय येईल?

नुसती चित्रं काढून येत नाही. काहीतरी बनवताना मोजायची गरज पडते, तेव्हा येतं. मातीच्या बैलाला चार पाय लागतात. तीनच वळले तर बैल आडवा होतो, आणि काय चुकलं हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. याउलट विकतच्या पुस्तकात पाच सफरचंदं छापलेली असतात आणि खाली ‘किती?’ असं विचारलेलं असतं. त्या पाचाशी मुलाला काही देणंघेणं नसतं. चार म्हटलं काय नि सहा म्हटलं काय, पुढे काही बिघडत नाही.

म्हणून कुठलाही उपक्रम निवडताना मी एकच कसोटी लावते: मोजलं नाही तर ही वस्तू अडते का? अडत असेल तर त्यात गणित आहे. अडत नसेल तर ती रंगरंगोटी. तीही मुलांनी भरपूर करावी, फक्त तिला गणिताचा अभ्यास म्हणू नये. गणपतीचं चित्र काढून त्याच्या पोटात ‘५’ लिहिला म्हणजे पाच कळला, असं होत नाही.

कोणत्या वयात काय अपेक्षा ठेवावी?

साधारण असं धरा. तीन वर्षांचं मूल जास्त-कमी, लहान-मोठं, आत-बाहेर ओळखतं आणि दोन-तीन वस्तू नीट मोजतं. चार वर्षांचं पाचपर्यंत वस्तू मोजून देऊ लागतं आणि लाल-पिवळा-लाल-पिवळा असा क्रम पुढे चालवतं. पाचाच्या आसपास दहापर्यंत पक्कं होतं, थोडी बेरीज हाताशी वस्तू असताना जमते. सहा-सातला वीसच्या पुढे जाता येतं आणि दहाचे गठ्ठे कळू लागतात. हे ठोकताळे आहेत. शेजारच्या घरचं मूल काय करतं, ते यात धरू नका.

सामान कुठून आणायचं? रंगपेट्या महाग आहेत.

रंगपेटी नसली तरी चालतं. जुन्या लग्नपत्रिका कुठल्याही घरात गठ्ठ्याने पडलेल्या असतात. जाड, एका बाजूने कोऱ्या आणि कापायला सोप्या. अंकांच्या चकत्या, ठिपक्यांची कार्डं, कागदी वाकळेचे तुकडे, सगळं त्यांतून होतं. जुनं कॅलेंडर म्हणजे आयता चौकटींचा कागद. चिंचोके, आंब्याच्या कोयी, कापसाच्या वाती, काड्यापेटीची रिकामी खोकी, शिंप्याकडची चिंध्यांची पिशवी. रंगासाठी हळद, गेरू, बीटाचा रस, कोळसा. माती हवी असेल तर कुंभाराकडे मागा. खानापूरची माती कौलं, विटा आणि मडक्यांसाठी नावाजलेली आहे, तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्थाही आहे. नाहीतर शेतातली चिकण माती चाळून भिजवली तरी पुरते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या अशाच परिसरातल्या वस्तूंवर चालवल्या. गरीब घरच्या मुलांसाठी ते करावं लागलं हे खरं, पण विकतचे प्लॅस्टिकचे अंक शेजारी ठेवले तर मुलं आधी चिंचोक्यांनाच हात घालतात.

चार गोष्टी मात्र पाळा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात चिंचोके, मणी, हरभरे देऊ नका. ते नाकात आणि घशात जातात. गुंजा अजिबात नकोत. दिसायला त्या लालचुटूक आणि सुंदर असतात, गुळ्ळव्वाच्या (आषाढात पुजतात ती मातीची देवी) सजावटीलाही वापरतात, पण बी विषारी आहे. एरंडाच्या बियाही तशाच. आणि निपाणीकडे ज्या घरांत बिडीचं काम चालतं, तिथे तंबाखू लागलेली सुपं, कात्र्या, पानांचे तुकडे मुलाच्या खेळात येऊ देऊ नका, मग ते कितीही मोजण्यासारखे असोत.

रांगोळीतून कुठून सुरुवात करू?

सात ठिपक्यांपासून. मधल्या ओळीत तीन, वर दोन, खाली दोन. वरचे आणि खालचे ठिपके मधल्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पाडा. हीच ३ ते २ ची रांगोळी. मध्ये एक ठिपका आणि भोवती बरोबर सहा येतात, जोडले की सहा पाकळ्यांचं फूल. एक ठिपका राहिला तर पाकळी राहते. मूल स्वतःच बोट दाखवून म्हणतं, ‘इथं एक नाही.’ तिथे तुमचं निम्मं काम झालं.

चार वर्षांच्या मुलाला चिमटीतून रांगोळी सोडता येत नाही. त्याला ठिपक्यांच्या जागी चिंचोके ठेवू द्या आणि रेघा ओल्या खडूने ओढू द्या. विकतची रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती डोळ्यांत-नाकात जाते, म्हणून लहानांसाठी तांदळाचं पीठ बरं. चिमटी जमू लागली की पेन्सिल धरणंही सुधारतं, हा वरचा फायदा.

नंतर सरळ ठिपक्यांची १-३-१ काढा, पाच ठिपक्यांची. ती थोडी फिरवली की फाशावरचा पाच दिसतो. मुलाला तो न मोजता, एका नजरेत ओळखता यायला लागला तर फार चांगलं. तीन, चार, पाच वस्तू बघताक्षणी ओळखणं हा पुढच्या सगळ्या बेरजेचा पाया आहे, आणि ठरावीक मांडणीतले ठिपके रोज नजरेखालून गेल्याने तो पक्का होतो.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी खरी मजा इथे आहे. सरळ ठिपक्यांची ७ ते १ काढा: १, ३, ५, ७, ५, ३, १. शेजारी पाच ओळी, पाच ठिपक्यांची चौकोनी रांगोळी काढा. ‘कुठल्या रांगोळीत ठिपके जास्त?’ असं विचारा आणि गप्प बसा. बहुतेक मुलं पहिली म्हणतात, कारण ती लांब-रुंद दिसते. प्रत्येक ठिपक्यावर चिंचोका ठेवून, मग एका रांगोळीवरचे उचलून दुसरीवर मांडायला सांगा. दोन्हीकडे २५. मूल विश्वास ठेवत नाही, पुन्हा मांडतं. मांडू द्या. त्याला २५ म्हणजे पाच पाचे हे आत्ताच सांगायची घाई नको.

सममितीसाठी अर्धी रांगोळी तुम्ही काढा, दुसरी बाजू मुलाला पुरी करू द्या. शेजारच्या कन्नड घरातल्या काकूंची चुक्की रांगोळी याच ठिपक्यांची असते. श्रावणात किंवा दिवाळीत मुलाला घेऊन गल्लीभर फिरा आणि कुणाच्या दारात किती ठिपक्यांची आहे ते बघा.

मातीचं काम कोणत्या निमित्ताने करावं?

आपल्याकडे निमित्तांची कमतरता नाही. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, पुढच्या अमावास्येला मातीच्या बैलांची पूजा (कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात ती), आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा, श्रावणात नागोबा, भाद्रपदात गणपती. पावसाळा सुरू झाला की तीन महिने घरात कुठली ना कुठली माती भिजलेली असते. त्यातला एक गोळा मुलाला द्यायचा.

बैलांची जोडी करताना ‘दोन’ या संख्येचं केवढं काम असतं ते बघा. दोन बैल, प्रत्येकाला दोन शिंगं, दोन कान. मग विचारा, ‘दोघांना मिळून शिंगं किती वळायची?’ मूल आधी चार गोळ्या करून ठेवेल, किंवा एक-एक बैल पुरा करत जाईल. दोन्ही रीती बरोबर आहेत आणि कुठली रीत निवडली ते बघण्यासारखं असतं. पायांसाठी माती वाटून घेताना ‘एवढ्या गोळ्याचे चार सारखे कर’ म्हणा. वाटणी इथूनच सुरू होते. गोळा आधी अर्धा, मग प्रत्येक अर्ध्याचा अर्धा, हे पाच वर्षांचं मूल बऱ्याचदा आपणहून शोधतं.

दिवाळीतला किल्ला हे तर अख्खं पुस्तक आहे. बेळगावात गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात. धाकट्यांना ‘तू मावळे उचलून दे’ म्हणून बाजूला बसवतात, ते बंद करा. त्यांना पायऱ्या द्या. पहिल्या पायरीला एक वीट (काड्यापेटीच्या खोक्यात माती दाबून केलेली), दुसरीला एकावर एक दोन, तिसरीला तीन. पाच पायऱ्यांचा जिना उभा राहिला की पुढची संख्या म्हणजे आधीपेक्षा एक जास्त, हे बोटाने चढून कळतं. ‘सहावी पायरी करायची तर विटा किती लागतील?’ हा प्रश्न जिना समोर असताना विचारा. बुरूज, दरवाजे, प्रत्येक बुरुजावर दोन मावळे, हे ओघाने येतंच. किल्ल्यावर पेरलेली मोहरी उगवली की रोज काडी शेजारी धरून उंचीची खूण करायची. फूटपट्टी नंतर.

गोकाकची रंगवलेली लाकडी फळं घरात असतील तर ती बघून मातीची करू द्या. लहान-मोठी ओळीने लावणं हा त्यातला उत्तम खेळ आहे.

मोजताना एकच वस्तू दोनदा मोजतो, एखादी सोडतो.

बोट आणि तोंड एकत्र चालत नाही, एवढंच. तोंडाने ‘एक-दोन-तीन’ भराभर जातं, बोट मागे राहतं. पसरलेल्या वस्तू मोजायला देऊ नका, उचलून ठेवायच्या द्या. चिंचोका उचलला, वाटीत टाकला, ‘एक’. आवाज आला, पुढचा. सुईत फुलं ओवताना हे आपोआप होतं, कारण ओवलेलं फूल परत मोजता येत नाही. झेंडूचा हार करायला बसवा. लहानांना जाड दाभण आणि दोरा द्या, सुई नको.

शंभरपर्यंत पाठ आहेत. पण ‘सात चिंचोके दे’ म्हटलं की मूठ भरून देते!

पाठ म्हणणं आणि मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वं मांडली, ती अजून उपयोगी पडतात. एका वस्तूला एकच संख्या. संख्यांचा क्रम ठरलेला. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे एकूण वस्तू. काहीही मोजता येतं, बैल काय नि टाळ्या काय. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. तुमची मुलगी तिसऱ्या तत्त्वाशी अडली आहे. तिच्यासाठी ‘सात’ हा गाण्यातला एक शब्द आहे, ढिगाचं माप नाही.

उपाय म्हणजे तिच्याकडे मागणी करा. ‘या फुलाला पाकळ्या हव्यात सहा, कोपऱ्यातल्या टोपलीतून आण.’ टोपली लांब ठेवा, म्हणजे संख्या डोक्यात धरून जावं लागतं. सहाऐवजी आठ आणल्या तर रागावू नका. फुलाभोवती लावून बघायला सांगा, दोन उरतील. सुरुवात तीन-चारपासून करा, सातावर थेट जाऊ नका. शंभरपर्यंत म्हणून दाखवायला पाहुण्यांसमोर उभं करणं मात्र थोडे दिवस थांबवा.

सारखेच चिंचोके लांब लांब मांडले की ‘हे जास्त’ म्हणतो. समजावलं तरी ऐकत नाही.

समजावू नका. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने हीच गोष्ट मुलांवर करून पाहिली होती. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला रांगेची लांबी म्हणजेच संख्या वाटते. दोन रांगांतले चिंचोके एकेक जोडून दोऱ्याने बांधायला सांगा आणि सोडून द्या. वय झालं की कळतं.

घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, पुढे इंग्रजी शाळा. अंक कुठल्या भाषेत शिकवायचे?

ज्या भाषेत मूल भांडतं, त्या भाषेत आधी मोजू द्या. मराठी घरात ती मराठी असणार. पाच म्हणजे किती हे एकदा मराठीत पक्कं झालं की ‘ऐदु’ हे त्याच पाचाचं दुसरं नाव म्हणून दोन दिवसांत बसतं. उलट संकल्पनाच कच्ची असताना तीन भाषांतले दहा-दहा शब्द पाठ करून घेतले, तर हातात तीस शब्द येतात आणि पाच वस्तू मोजता येत नाहीत. गल्लीत कन्नड मुलांबरोबर खेळणारी पोरं ओंदु, एरडु, मूरु लपाछपीत शिकतात, त्याची वेगळी शिकवणी नको. एक नियम पाळा: एक हार ओवताना एकच भाषा. मध्येच ‘चार, फाइव्ह, आरु’ असं झालं तर हसू नका, हार पुरा होऊ द्या, पुढचा दुसऱ्या भाषेत.

खरी अडचण वीसच्या पुढे येते. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो, वीस नंतर, आणि लिहिताना दोन आधी लिहायचा. म्हणून ‘एकवीस’ सांगितलं की पोरं १२ लिहितात. कन्नडात इप्पत्तोंदु, म्हणजे वीस आधी, मग एक. इंग्रजीतही तसंच. त्यात मराठीत एकोणतीस हा तिसाला एक कमी, तर कन्नडात सरळ वीस आणि नऊ. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आपल्या मुलांना हा उलटसुलट क्रम पुस्तकाशिवायच रोज भेटतो: घरी एक, अंगणवाडीत दुसरा.

यावर चित्राइतकं चांगलं औषध नाही. दहा फुलांचा एक हार, असे हार करून ठेवा. खऱ्या फुलांचे नको, लग्नपत्रिकेतून कापलेली कागदी फुलं दोऱ्यात ओवलेली. एकवीस म्हणजे दोन हार आणि एक सुटं फूल. हे मांडायचं, मग मराठीत म्हणायचं, मग कन्नडात, मग हवं तर इंग्रजीत. एकोणतीस मांडताना तर दोन्ही भाषा खऱ्या ठरतात. दोन हार आणि नऊ फुलं समोर असतात, आणि अजून एक फूल आलं की तिसरा हार होईल हेही दिसतं. सहा वर्षांच्या मुलाला तिन्ही भाषांतली नावं पाठ करायची नसतात, ती या मांडणीवरून वाचायची असतात.

अंक लिहायला कधी बसवू? आणि कुठले अंक, मराठी की इंग्रजी?

पाचाच्या आधी घाई नको. हात तयार नसतो, आणि रेघांत अडकलेलं मूल मोजणं विसरतं. आधी मातीच्या वळ्यांनी अंक करू द्या, परातीत पीठ पसरून बोटाने गिरवू द्या, अंगणात ओल्या फडक्याने.

कुठले, तर शाळेत लागतील ते आधी. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात, देवनागरी ४ वरून बंद केला की इंग्रजी आठ होतो. कन्नड एक तर उघड्या तोंडाच्या गोलासारखा, शून्यच वाटतो. म्हणून दोन लिप्यांचे अंक एका कार्डावर कधीच लिहू नका. मराठी अंकांची कार्डं गेरूने, इंग्रजी अंकांची कोळशाने, असे रंग वेगळे ठेवा आणि प्रत्येक कार्डाच्या मागे तेवढे ठिपके काढा. चुकल्यास मूल कार्ड उलटून स्वतः बघतं.

बेरीज-वजाबाकीसाठी काय करता येईल?

चिंचोके फोडा. सारीपाटाला, चौकटींच्या खेळांना आपल्या आज्ज्या फोडलेले चिंचोके फाशांसारखे टाकायच्या: एक बाजू पांढरी, एक तपकिरी. असे पाच अर्धे चिंचोके (दगडावर घासून कडा गुळगुळीत करा) मुलाच्या ओंजळीत द्या आणि फेकू द्या. तीन पांढरे पडले, दोन तपकिरी. तेवढेच ठिपके कागदावर चुन्याने आणि गेरूने काढायचे. पुन्हा फेका. एक पांढरा, चार तपकिरी. वीस-पंचवीस वेळा फेकून झालं की कागदावर पाचाच्या फोडी साठतात: पाच-शून्य, चार-एक, तीन-दोन, दोन-तीन, एक-चार, शून्य-पाच. सहाच्या पलीकडे सातवी येत नाही. ‘अजून वेगळं पडेल का?’ असं विचारलं की मुलं हट्टाने फेकत राहतात. बेरीज आणि वजाबाकी एकाच खेळात येतात, कारण पाचातले तीन दिसले की दोन न बघता सांगता येऊ लागतात. जमलं की सहा चिंचोके घ्या, मग सात. दहापर्यंत पोचायला काही महिने लागले तरी हरकत नाही.

वजाबाकीचा आणखी एक प्रकार: मातीच्या पाच बैलांतले काही सुपाखाली झाकायचे. ‘गोठ्यात किती गेलं?’ हिशोब चुकला तर सूप उचलायचं. बस्स.

अधिक-उणे-बरोबरची चिन्हं यात कुठेही नकोत. ती शाळा शिकवेल.

आकार शिकवायला वर्तुळ-चौकोनाचे तक्ते लावलेत. पुरे का?

तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी पायावर उभा असतो. तो उलटा धरला की मूल म्हणतं, ‘हा त्रिकोण नाही.’ म्हणून आकार हातात फिरले पाहिजेत, आणि त्यासाठी वाकळ हवी.

घरातली जुनी वाकळ (कन्नड शेजारी कौदी म्हणतात) अंगणात पसरून तिच्यातले तुकडे शोधायला लावा: चौकोन किती, पट्ट्या किती, त्रिकोण आहेत का. खानापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात त्या कवंद्या पाहायला मिळाल्या तर जरूर दाखवा, रंगांची मांडणी बघत राहावी अशी असते. मग लग्नपत्रिकांची वाकळ करू द्या. सारखे चौकोन कापून द्या, त्यांतले निम्मे तिरपे कापून त्रिकोण करा. दोन त्रिकोण मिळून चौकोन होतो, चार मिळून मोठा चौकोन होतो, मोठा त्रिकोणही होतो. जागा रिकामी राहता कामा नये आणि तुकडा तुकड्यावर चढता कामा नये, एवढेच नियम. गोल तुकडे दिले तर वाकळ कधीच पुरी भरत नाही, मध्ये फटी राहतात. का, ते मुलाने हाताने अनुभवावं.

दिवाळीत शंकरपाळ्या कापताना मुलाला बोलवा. एका बाजूने सरळ रेघा, दुसऱ्या बाजूने तिरप्या, आणि चौकोन कलंडतो. करंजी म्हणजे दुमडलेली पुरी.

माझीच चित्रकला वाईट आहे.

चांगलं आहे. तुम्ही सुंदर चित्र काढलंत की मूल स्वतः काढायचं सोडून तुम्हालाच काढायला सांगतं.

मुलीने काढलेल्या हाताला सात बोटं आहेत. दुरुस्त करू का?

तिच्या कागदावर हात लावू नका. ‘माझा हात ठेवून गिरवतेस का?’ म्हणा. गिरवून झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवा. बहुतेक वेळा ती स्वतःच दोन बोटं खोडते. कधी म्हणते, ‘हा राक्षस आहे.’ मग राक्षसाच्या दुसऱ्या हाताला किती बोटं, ते विचारा.

कौतुक करताना ‘वा, किती छान!’ एवढ्यावर थांबू नका. ‘तू लाल पान, पिवळं फूल, लाल पान असं ठेवलंस, आता काय ठेवणार?’ असं, जे दिसतंय त्याबद्दल बोला.

आज्जी-आजोबा शाळेत गेले नाहीत. ते कसे शिकवणार?

कदाचित तुमच्यापेक्षा बरं. ज्यांनी बाजारात धान्य मापलं आहे त्यांच्याकडे अशी मापं आहेत जी मुलाच्या हातात मावतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. माळ्यावरची मापं उतरवा, वाळू किंवा रांगोळी भरून ओतू द्या. शेरापर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट आहे आणि पायली शेराच्या चौपट, हे मूल ओतून ओतून शोधतं. मग त्या मापांचे ठसे रंगात बुडवून कागदावर उठवायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत गोलात गोल. आज्जीने फक्त ‘किती मापट्यांत शेर भरला गं?’ एवढं विचारायचं. मध्येच उत्तर सांगायची सवय आजोबांना जास्त असते, त्यांना जपा.

मोबाइलवर गणिताचे खेळ आहेत, ते चालतील?

थोडे चालतील, याच्या जागी नाही. पडद्यावरचा बैल तीन पायांवरही उभा राहतो.

रोज किती वेळ द्यावा?

दहा-पंधरा मिनिटं. मूल उठून गेलं तर संपलं. सणाच्या आधीचे दोन-तीन दिवस मात्र तासन्‌तास चालू द्या, तेव्हा ते स्वतःच थांबत नाही.

शाळेतून वर्कशीट येतात, बाई म्हणतात हे घरचे खेळ नकोत.

वर्कशीट करा, भांडू नका. पण बाईंना हेही सांगता येईल की कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला नलि-कलि पद्धत चालते, तीही कृती आणि कार्डांवरच उभी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर आहे. वर्कशीटवर ३ + २ असेल तर आधी चिंचोके टाकून घ्या, मग उत्तर लिहू द्या. वेळ तेवढाच लागतो.

साडेपाच वर्षांची झाली तरी पाच वस्तू मोजता येत नाहीत. काळजी करावी का?

आधी नजर आणि कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुष्कळदा अडचण तिथे निघते. ते ठीक असेल आणि दोन-तीन महिने रोज हाताने मोजून, ओवून, वळूनही फरक दिसत नसेल, तर बालविकास तज्ज्ञांचा सल्ला घ्या. या वयात गणिताच्या अक्षमतेचा शिक्का मारायला कुणी तयार होऊ नये, तुम्हीही नको. आणि ‘आमच्या घराण्यातच गणित नाही’ हे वाक्य मुलीसमोर बोलायचं नाही.

तीन वर्षांचा धाकटा सगळं विसकटतो. दोघांना एकत्र कसं बसवू?

धाकट्याला पुरवठ्याचं काम द्या. थोरली वाकळ मांडते, तो रंग निवडून देतो: ‘लाल दे, आता मोठा दे.’ त्याच्या वयाचं गणित तेवढंच आहे. चिंचोक्यांचा खेळ मात्र तो झोपल्यावर.

आमच्याकडे जूनपासून पाऊस थांबत नाही. मातीच्या वस्तू वाळत नाहीत, भेगा पडतात.

खानापूर-जांबोटीकडे हे व्हायचंच. वस्तू लहान आणि पातळ करा, बोटापेक्षा जाड नको. मातीत थोडी बारीक वाळू किंवा कापसाचे तंतू मळले की भेगा कमी पडतात. चुलीजवळ किंवा उन्हात एकदम ठेवू नका, आधी दोन-तीन दिवस सावलीत, ओलसर फडक्याखाली. तरी तुटलं तर तुटलेले पाय, शिंगं एका डब्यात जमा करा. शिंगं वेगळी, पाय वेगळे, कान वेगळे अशी वर्गवारी करायला धाकट्यांना आवडतं, आणि ‘डब्यातल्या पायांत किती बैल होतील?’ हे कोडं थोरल्यांना पुरतं. सगळं झालं की डबाभर माती बादलीत भिजत घाला, दोन दिवसांत पुन्हा मळता येते.